दोन फेऱ्यांची वाट

बुधवारी सकाळी सात वाजता कोस्केलांच्या अंगणात अडतीस इंच बर्फ होता. ऑक्टोबरात वाटेच्या दोन्ही कडांना ठोकलेल्या चौदा खुंट्यांपैकी नऊ दिसत होत्या. बर्फ सरकवायचे पत्र्याचे दोन रुंद स्कूप होते, एक वाकडं फावडं होतं आणि एक बागेचा ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना साखळ्या होत्या आणि पाठीवर वजन म्हणून मांजराच्या वाळूच्या दोन गोण्या बांधल्या होत्या. मांजर चार वर्षांपूर्वी वारलं होतं. घरामागच्या टाकीत बारा टक्के गॅस होता. स्वयंपाकघराच्या दारावर, आतल्या बाजूने, चिकटपट्टीने लावलेली एक चिठ्ठी होती.

चिठ्ठी मागच्या गुरुवारची, गॅसच्या टँकरवर असणाऱ्या कर्टिसची. 'वाटेची रुंदी ८ फूट १ इंच. किमान १० लागते. टँकर आत घेता आला नाही. पुढच्या गुरुवारी येईन.' अक्षर सुबक होतं, त्यामुळे चुकीचं वाचलं असं म्हणायची सोय नव्हती.

एल्मा कोस्केला बहात्तर वर्षांची होती आणि तिला मोजायची सवय होती. गेले बावीस हिवाळे ती रोज सकाळी सात वाजता अंगणातल्या पांढऱ्या फळीवर पट्टी टेकवून रात्री पडलेला बर्फ मोजायची आणि आकडा हवामान खात्याला कळवायची. बावीस हिवाळ्यांत एकही सकाळ चुकली नव्हती. गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा तिने जुलैत करून घेतलं होतं.

तेव्हा टाकीचा हिशेब तिने कधीच करून ठेवला होता. थंडी उणे वीसवर असली की घर दिवसाला दोन टक्के गॅस खातं. बारा भागिले दोन म्हणजे सहा. उद्या कर्टिस परत गेला, तर पुढचा टँकर आठ दिवसांनी, आणि टाकी मंगळवारी रिकामी. मंगळवारी रात्री नळांतलं पाणी गोठून पाइप फुटणार. घरात पूर्वी लाकडाची चांगली मोठी शेगडी होती. ती पंधरा वर्षांपूर्वी आर्वोने काढून टाकली. गॅस कसा, घरपोच येतो, असं त्याचं म्हणणं होतं.

"सौना आहे की," आर्वो कॉफीत पाव बुडवत म्हणाला. "ती लाकडावरच चालते."

"वाफ घ्यायच्या त्या आठ बाय सहाच्या खोपट्यात आपण दोघांनी फेब्रुवारी काढायचा?"

"माझी आजी तिथे बाळंत झाली होती. पाच वेळा."

"माझा तसा काही बेत नाही," एल्मा म्हणाली.

साडेसातला शेरिलचा फोन आला. शेरिल ही त्यांची मुलगी, राहायला ग्रीन बेला, चार तासांवर. तिच्या इमारतीत बर्फ पडतच नाही. म्हणजे पडतो, पण पहाटे पाच वाजता माणसं येऊन तो उचलून नेतात, आणि लोक उठतात तेव्हा सगळं ऑगस्टसारखं दिसतं. एल्माला तिथे नेहमी असं वाटायचं की आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय.

"आई, उद्या गॅस आला नाही तर परवा मी गाडी घेऊन येते. दोघंही चला. एप्रिलपर्यंत राहा."

"अगं, इथे माझं मोजमाप असतं."

"बर्फ काय, तू मोजला नाहीस म्हणून कमी पडणार आहे का? बाबांना विचार, लायलकाकांचा ट्रक का बोलवत नाहीत."

एल्माने विचारलं नाही, कारण उत्तर तिला पाठ होतं. समोरच्या लायल टर्व्होकडे पिकअप ट्रक होता आणि ट्रकच्या तोंडाला साडेसात फुटांचं बर्फ ढकलायचं पातं होतं. जुलैतल्या मासेजेवणात, गावातल्या साठेक माणसांदेखत आर्वोने जाहीर केलं होतं की ट्रकने वाट साफ करणं म्हणजे कुऱ्हाडीने दाढी करणं. सभ्य माणूस बागेचा ट्रॅक्टर वापरतो. असं एकदा साठ माणसांदेखत बोलून झालं की माणसाला फेब्रुवारीत फार एकटं पडायला होतं.

या भागात हिवाळ्याचा एक नियम आहे, आणि तो चालता येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. नोव्हेंबरात पहिला बर्फ मऊ असतो, तेव्हाच तो वाटेच्या कडेपासून चार चार फूट मागे लोटायचा. तेव्हा ते वेडेपणाचं दिसतं. सहा इंच बर्फासाठी एवढी जागा कशाला, असं वाटतं. ती जागा फेब्रुवारीसाठी असते. तेव्हा लोटलं नाही तर कडेचे बांध तिथेच गोठतात, प्रत्येक बर्फाबरोबर थोडे आत सरकतात, आणि मग त्यांना हलवायला वसंत ऋतूच लागतो.

आर्वोने हे बेचाळीस हिवाळे पाळलं. त्रेचाळिसाव्याला पाळलं नाही, कारण सप्टेंबरात त्याने वाटेच्या दोन्ही कडांना नवी हिरवळ बसवली होती. गालिच्यासारख्या गुंडाळ्या आणून, गुडघ्यांवर बसून, तीन दिवस. पात्याने ती खरवडली जाईल म्हणून नोव्हेंबरात त्याने बर्फ बरोब्बर कडेपर्यंत लोटला आणि थांबवला. जी हिरवळ वर्षातले सात महिने कुणाला दिसत नाही, तिला वाचवायला त्याने घराची वाट बंद करत आणली होती. एल्माने तेव्हा एकदाच सांगितलं होतं. एकदा सांगितलेलं पुरतं, अशी तिची बेचाळीस वर्षं समजूत होती.

आठ वाजता आर्वो ट्रॅक्टरवर बसला. हा ट्रॅक्टर उन्हाळ्यात गवत कापायचा आणि हिवाळ्यात पुढे चार फुटांचं पातं लावून बर्फ ढकलायचा. दोन्ही कामं तो सारख्याच वेगाने करायचा, म्हणजे शेजारचा कुत्रा चालत पुढे निघून जाई. आर्वोची पद्धत ठरलेली होती: गॅरेजपासून रस्त्यापर्यंत एक फेरी, वळून परत दुसरी फेरी. चार अधिक चार आठ. कोस्केलांची वाट आठ फूट रुंद का होती, याचं एवढंच कारण होतं. टँकर बनवणाऱ्यांनी हे पातं पाहिलेलं नव्हतं.

सकाळी मोजलेल्या दोन इंचांवर आर्वोने दोन फेऱ्या मारल्या. मग उगीच आणखी दोन मारल्या. वाटेचा मधला भाग इतका स्वच्छ झाला की खालची खडी मोजता आली असती. बांध होते तिथेच होते. पात्याचं टोक त्यांना लागलं की ट्रॅक्टर नम्रपणे बाजूला व्हायचा.

मग आर्वोने मापाची फीत काढली, बांधाला खांदा लावून उभा राहिला आणि फीत पलीकडे ताणली.

"दहा फूट तीन इंच," तो खिडकीकडे बघून ओरडला. "तो पोरगा आंधळा आहे."

एल्मा बूट घालून बाहेर आली. बांध वर उतरते होते, खाली पोट सुटल्यासारखे पुढे आलेले. तिने फीत त्याच्या हातातून घेतली आणि खाली वाकून जमिनीवर ठेवली.

"आठ फूट एक."

"तू खाली मोजतेस."

"टँकरची चाकं खाली असतात, आर्वो."

"सरासरी काढ मग. दहा आणि आठ, नऊ."

"नऊ काढून काय करू? कर्टिसला सांगू, चाकं छातीच्या उंचीवर धर म्हणून?"

आर्वो ट्रॅक्टरच्या पात्याकडे बघत राहिला. बोलण्यासारखं काही नसलं की तो पात्याचे बोल्ट तपासायचा. बोल्ट घट्ट होते.

नऊ वाजता लायल टर्व्हो आला. तो रस्त्यापलीकडून दोनशे फूट ट्रकने आला, कारण लायल कुठेही ट्रकनेच जायचा. वाटेच्या तोंडाशी थांबून त्याने काच खाली केली. हातात वाफाळता कप होता.

"काय आर्वो, दाढी झाली का?"

"तुला काय हवंय?"

"काही नाही. कॉफी बाहेर जास्त चांगली लागते. इथून देखावाही बरा आहे."

"लायल," एल्मा म्हणाली, "हे बांध दोन फूट मागे घेता येतील का तुझ्या ट्रकने?"

आर्वोने बोल्टांवरची नजर काढली नाही. लायलने कप ठेवला. असा प्रश्न यावा म्हणून तो जुलैपासून थांबला होता, हे त्याच्या कप ठेवण्यावरून कळत होतं.

"चार मिनिटं," तो म्हणाला. "आर्वो, तो खेळण्यातला बाजूला घे, चिरडेल."

लायलने ट्रक मागे घेतला, पातं खाली सोडलं आणि वेग घेऊन तिरका आत आला. नोव्हेंबरपासून सात वेळा वितळून सात वेळा गोठलेला बांध हा नावापुरता बर्फ असतो. पातं त्यावर आदळलं आणि बांध जागचा हलला नाही. ट्रकच बांधावर चढला. पुढचं उजवं चाक जमिनीपासून एकोणीस इंच वर जाऊन थांबलं आणि शांतपणे फिरत राहिलं. चार मिनिटांपैकी पहिलं मिनिट संपलं होतं.

आता वाटेची रुंदी शून्य होती.

"कुऱ्हाड अडकली वाटतं," आर्वो म्हणाला. त्या हिवाळ्यात तो इतका खूश पहिल्यांदाच दिसत होता.

त्याने ट्रॅक्टरला साखळी बांधून ट्रक ओढायचा प्रयत्न केला. ट्रॅक्टरची चाकं गोल फिरली, वाळूच्या गोण्यांपैकी एक फुटली आणि वाळू वाटेवर पसरली. निदान घसरायची भीती तेवढी कमी झाली. ट्रक तसाच होता. मग दोघं पुरुष हात खिशात घालून ट्रककडे बघत उभे राहिले आणि टेकू कुठे लावावा यावर, एकमेकांकडे न बघता, बराच वेळ असहमत होत राहिले.

एल्मा तेवढ्यात सौनाकडे गेली. सौनाच्या बाहेरच्या खोलीत, टॉवेलांच्या खुंट्यांवर, आर्वोच्या आजोबांची करवत टांगलेली होती. ते लोक तळ्यावरचा बर्फ कापून लाकडाच्या भुशात साठवायचे, त्या काळातली. पाच फूट लांब, दात अंगठ्याच्या पेराएवढे. ती घेऊन एल्मा परत आली आणि चाकाखालच्या बांधात तिने ती उभी घातली. करवत कुरकुरत आत गेली. दोन उभे काप, एक आडवा, मागून एक. मग खालून स्कूप सारला तर चौकोनी तुकडा पावाच्या लादीसारखा सुटून आला. असे चार तुकडे निघाले आणि ट्रक हळूच स्वतःहून खाली बसला.

एल्माने घड्याळ पाहिलं. पहिल्या तुकड्याला सात मिनिटं लागली होती.

ती आत जाऊन एका पाकिटाच्या मागे लिहून आली. टँकरचा पाइप शंभर फुटांचा. म्हणजे टँकर साठ फूट आत आला तरी पुरे. एकाच बाजूचा बांध कापायचा. साठ फूट लांब, दोन फूट आत, तीन फूट उंच. दीड फूट लांब आणि एक फूट उंच असा तुकडा धरला तर चाळीस रांगा, रांगेत तीन, एकूण एकशे वीस तुकडे. एकेका तुकड्याला सात मिनिटं म्हणजे चौदा तास. आज अंधार पडेपर्यंत आणि उद्या कर्टिस येईपर्यंत मिळून उजेड होता नऊ तास.

"दोन करवती लागतील," ती म्हणाली.

लायलने बूट पुसला, टोपी नीट केली. "आमच्याकडे आहे एक. पण ती दिवाणखान्यात आहे."

ती दिवाणखान्यात होती, कारण लायलच्या बायकोने, बेव्हने, तिच्यावर चित्र रंगवलं होतं: तळं, लाकडी घर, धुराडं, दोन हरणं आणि मावळता सूर्य. कधीकाळी कामाची असलेली प्रत्येक वस्तू गावात अशीच रंगवून भिंतीवर लावलेली होती. लायल गेला आणि वीस मिनिटांनी करवत घेऊन आला. वीस मिनिटांत बेव्ह काय बोलली, ते त्याने सांगितलं नाही.

"हरणं जपून वापर म्हणाली," एवढंच तो म्हणाला.

अकरा वाजता काम सुरू झालं. एल्मा आणि लायल कापत होते. तुकडा सुटला की तो स्कूपवरून वाटेवर सरकवायचा, आणि आर्वोने ट्रॅक्टरने ढकलत गॅरेजच्या मागे नेऊन टाकायचा. आता या कामात ट्रॅक्टर खरोखर बरा होता: एका वेळी दोन तुकडे, चार फुटांत नीट मावणारे. लायलचा ट्रक एवढ्याशा जागेत वळला नसता. आर्वोने हे साधारण दर तिसऱ्या फेरीला बोलून दाखवलं.

तिसऱ्या रांगेतला सगळ्यात खालचा तुकडा उलटला, आणि त्याचं बूड हिरवं होतं.

आर्वोने ट्रॅक्टर बंद केला. हिरवळ मुळांसकट, मातीसकट बर्फाला चिकटून आली होती. सप्टेंबरातली, अजून हिरवीगार. त्याने हातमोजा काढून गवतावरून बोट फिरवलं.

"खालची रांग ठेवू या," तो म्हणाला. "वरच्या दोनच काढू. एक फूट बांध राहिला तर काय बिघडतं?"

"चाकं," एल्मा म्हणाली.

"कर्टिसला सांगून बघू."

"आर्वो, हे बघ. एकीकडे दोन फूट गवत आहे. दुसरीकडे शेरिलचा दिवाणखाना आहे, एप्रिलपर्यंत. तिथे गालिचा आहे आणि चपला बाहेर काढाव्या लागतात. तुला जे हवं ते सांग, मी तसं कापते. पण मी जर परवा माझी फळी सोडून गेले, तर बावीस वर्षांची वही तिथेच संपेल, आणि मी ग्रीन बेमध्ये रोज सकाळी सात वाजता तुझ्याकडे बघत बसेन. रोज. दुसरं बघायला तिथे काही नाही."

लायल करवतीचे दात निरखत होता. एक हरीण अर्धं गेलं होतं.

आर्वोने तो तुकडा दोन्ही हातांनी सरळ केला, हिरवी बाजू खाली. मग ट्रॅक्टर सुरू केला आणि तो गॅरेजमागे नेला. पुढचे हिरव्या बुडाचे तुकडे त्याने वेगळे रचले, एका ओळीत.

साडेचारला उजेड संपला तेव्हा अडुसष्ट तुकडे झाले होते. एल्माचा उजवा खांदा वर जात नव्हता. रात्री सौना तापवली आणि तिघंही आळीपाळीने वाफेत बसून कण्हले. बेव्हने बटाट्याचं सार पाठवलं होतं आणि सोबत निरोप, की सूर्य तरी वाचवा.

गुरुवारी सकाळी सात वाजता एल्माने फळीवर अर्धा इंच मोजला, कळवला आणि करवत उचलली. टाकीचा काटा दहावर होता. साडेनऊला एकशे अकरा झाले. दहाला पाच कमी असताना रस्त्यावरून काउंटीचा बर्फ लोटायचा मोठा ट्रक गेला आणि नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे रस्त्यावरचा सगळा बर्फ कोस्केलांच्या वाटेच्या तोंडाशी टाकून गेला: दोन फूट उंच, वाटेच्या संपूर्ण रुंदीभर. सरकारकडून मिळणाऱ्या गोष्टींत एवढी एक वेळच्या वेळी यायची.

"माझा ट्रक आणतो," लायल म्हणाला.

"बस तिथेच," आर्वो म्हणाला.

तो बर्फ ताजा होता, मऊ. आर्वोने पातं तिरकं केलं आणि सहा फेऱ्यांत सगळा बाजूला केला; रस्त्यापलीकडे लायलच्या हद्दीत एक ढेकूळही जाऊ न देता, कारण ते कायद्याने मना आहे आणि लायल बघत होता. नऊ मिनिटं लागली. दोन दिवसांत ट्रॅक्टरने एकट्याने पार पाडलेलं काम ते एवढंच, पण ते पाहायला त्या वेळी रस्त्यावर लायलखेरीज कुणीही नव्हतं.

एकशे विसावा तुकडा दहा पस्तीसला निघाला. दहा पन्नासला टँकर आला. कर्टिस खाली उतरला; तिशीचा, लाल दाढीचा, हातात दहा फुटांची ॲल्युमिनियमची काठी.

"मिसेस कोस्केला, हे तुम्ही कापलंत?" त्याने उभ्या कापलेल्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. बर्फाचे थर त्यात एकावर एक दिसत होते, नोव्हेंबरपासूनचे.

"तुम्ही मोजा," एल्मा म्हणाली.

त्याने वाटेच्या तोंडाशी काठी आडवी टाकली. बसली. पुढे तीस फुटांवर टाकली. बसली. साठाव्या फुटाला, जिथे लायलचा ट्रक चढला होता, काठीचं एक टोक टेकलं आणि दुसरं बर्फावर अडकून वर राहिलं.

"अर्धा इंच कमी आहे," कर्टिस म्हणाला.

"अर्धा इंच काय रे," लायल म्हणाला.

"मागच्या महिन्यात एकाच्या कुंपणाला अर्धा इंचच लागला होता. अजून फॉर्म भरतोय मी."

एल्मा करवतीकडे वळली, पण तिचा हात वर येईना. आर्वो पुढे झाला. त्याने गुडघे टेकले, सप्टेंबरात टेकले होते तसेच, आणि वाकड्या फावड्याच्या कडेने बांधाचं बूड खरवडायला लागला. बर्फ निघाला, मग गवत निघालं, मग माती. तो थांबला नाही. कर्टिसने काठी पुन्हा टाकली तेव्हा ती दोन्हीकडे सपाट बसली आणि थोडी हलत होती.

टँकर उलटा आत आला. दोन्ही बाजूंचे आरसे मिटलेले, आणि मागे चालणारा लायल हाताने खुणा करत होता; त्यांकडे कर्टिस बघत नव्हता. पाइप घरामागे गेला. चाळीस मिनिटांनी काटा ऐंशीवर आला. त्यापेक्षा जास्त भरत नाहीत.

एल्माने शेरिलला फोन केला.

"आला का गॅस?"

"आला."

"मग बाबा शेवटी लायलकाकांचा ट्रक घ्यायला तयार झाले तर."

एल्माने खिडकीतून पाहिलं. आर्वो आणि लायल बेव्हची करवत उन्हात धरून उभे होते. तळं, घर आणि दोन्ही हरणं गेली होती. सूर्याचा वरचा भाग शाबूत होता. बेव्हला आधी काय सांगायचं, यावर त्यांचं चाललेलं दिसत होतं.

"ट्रक आला होता खरा," ती म्हणाली.

त्या हिवाळ्यात एकूण दोनशे सत्तावीस इंच बर्फ पडला. मे महिन्याच्या नऊ तारखेला वाटेकडेचा शेवटचा बर्फ गेला. गॅरेजमागे ओळीने ठेवलेली हिरवळ परत बसवण्याआधी आर्वो आणि एल्मा फीत घेऊन बाहेर आले. त्याने एक टोक धरलं, तिने दुसरं. हिरवळीतली उघडी मातीची पट्टी साठ फूट लांब आणि दोन फूट एक इंच रुंद भरली.